दोघांची सरासरी

कॉलेजने या वर्गाचं नाव 'पायाभूत गणित' ठेवलं होतं. पाया म्हटल्यावर तो तळघरात असणार, हे ओघानेच आलं. एका बाजूला पार्किंग, दुसऱ्या बाजूला पाण्याचा पंप. पंप सुरू झाला की सरांना थांबावं लागे आणि पंप थांबला की आपण कुठवर आलो होतो हे सरांना आठवत नसे. विषयाचे श्रेयांक शून्य. म्हणजे पास झालात तर काही मिळणार नाही, आणि नापास झालात तर पुढचं काहीच मिळणार नाही. ज्यांचं गणिताशी कधी जमलं नाही, त्यांना शून्याची थोरवी पटवायला याहून चांगली सोय कुणाला सुचली नसती.

ती या वर्गात तिसऱ्यांदा बसत होती. वय त्रेचाळीस. वाचनालयात देवघेवीच्या टेबलावर अठरा वर्षं. ग्रंथपालाची जागा रिकामी होणार होती. जागेला पदवी हवी होती, पदवीला गणित. नियमाने तीनदाच बसता येत होतं. तिसऱ्यांदा घसरलं की पदवीचा नाद सोडायचा आणि आयुष्यभर पुस्तकांवर तारखांचे शिक्के मारत बसायचं. जाडजूड कादंबऱ्यांमधली चार-चार पिढ्यांची नाती तिच्या ध्यानात राहत, पण कंसाबाहेरचं उणे चिन्ह आत शिरल्यावर कुणाकुणाला बाधतं, ते काही केल्या राहत नसे.

दुसऱ्यांदा नापास झाली तेव्हा वडील म्हणाले, "पुढच्या खेपेला मीही बसतो."

वडील लिफ्ट मेकॅनिक होते. शिक्षण आठवी, वय एकाहत्तर, निवृत्त होऊन दहा वर्षं झालेली. ज्येष्ठांना कुठल्याही वर्गात मोफत प्रवेश, असा कॉलेजचा नियम होता. कुणी येणार नाही या भरवशावरच तो केलेला असावा.

"तुम्हाला आता कशाला हवंय गणित?"

"मला कुठे हवंय? तुला हवंय. घरी माझ्याकडून शिकायचं म्हटलं की तुला लगेच भांडी घासायची आठवण होते. तिथे बाकावर अडकलीस की जाशील कुठे?"

सरांचं प्रत्येक वाक्य 'समजा'ने सुरू व्हायचं, म्हणून वर्ग त्यांना समजा सर म्हणे. समजा, एका माणसाने साठ पंखे घेतले. वडिलांनी पहिल्याच दिवशी हात वर केला. "सर, छतं किती आहेत त्याच्याकडे?" वर्ग खो खो हसला आणि वडील त्या दिवसापासून सगळ्यांचे आजोबा झाले. सरांनी समीकरण समजावायला फळ्यावर तराजू काढला, तेव्हा वडील तिच्या कानाशी कुजबुजले, "तराजू सोड. लिफ्ट बघ. एका टोकाला केबिन, दुसऱ्या टोकाला वजन. एका बाजूला काही केलंस आणि दुसरीकडे करायला विसरलीस, की मला फोन येतो."

एवढं मात्र तिला कळलं. दोन वर्षांत पहिल्यांदा काहीतरी कळलं, आणि तेही तळघरात बसून लिफ्टचं.

मग समजा सर चार दिवसांच्या कुठल्याशा कार्यशाळेला गेले आणि येताना जोड्यांची पद्धत घेऊन आले. दोघादोघांची जोडी. चाचणीत दोघांच्या मार्कांची जी सरासरी, तीच दोघांची. गैरहजर राहणाऱ्याला शून्य.

"म्हणजे तुम्ही एकमेकांना ओढून आणाल," सर म्हणाले. त्यांच्या चेहऱ्यावर कार्यशाळेच्या प्रमाणपत्राचं तेज होतं.

शंभर मार्कांच्या चार चाचण्या, आणि पास व्हायला चारांची बेरीज दोनशे. पहिलीत तिला अडतीस, वडिलांना बासष्ट, जोडीला पन्नास. दुसरीत तिला चव्वेचाळीस, वडिलांना सहासष्ट, जोडीला पंचावन्न.

"माझ्या जिवावर चाललंय तुझं," वडील घरी येताना म्हणाले.

"बोलून घ्या. चौथ्या चाचणीला बघते तुमच्याकडे."

दुसऱ्या चाचणीनंतर नवव्या दिवशी वडील गेले. सकाळी दाढी करून खुर्चीत बसले होते, बसल्या जागीच गेले. डॉक्टर म्हणाले, त्रास झाला नसेल. त्या 'नसेल'मध्ये एक अज्ञात होतं, पण ते सोडवायला कुणी सांगितलं नाही.

पुढच्या आठवड्यात ती वर्गात जाऊन बसली.

"आजोबा कुठे?" सरांनी विचारलं.

"आज नाही आले."

त्यानंतरच्या तासाला, "आजही नाही आले." दोन्ही वाक्यं खरी होती. नातेवाईकांना सांगून झालं होतं, शेजाऱ्यांना, बँकेला, पेन्शनच्या ऑफिसला. तेच वाक्य सांगून सांगून गुळगुळीत झालं होतं. या एका खोलीत वडील फक्त गैरहजर होते. गैरहजर माणूस उद्या येऊ शकतो. तिला तेवढी एक खोली शिल्लक ठेवायची होती, भले मग ती पंपाशेजारची का असेना.

कॉलेजच्या कॉम्प्युटरलाही आशा होती. वडिलांच्या फोनवर तो दर सोमवारी निरोप धाडी: 'तुम्ही मागे पडत आहात! थोडा प्रयत्न केलात तर अजूनही वर्गाला गाठाल!' दोन उद्गारचिन्हं. वडिलांच्या सख्ख्या भावाने दुःख कळवताना एकही खर्चलं नव्हतं.

मागच्या बाकावर एक पार्लरवाली बसायची. तिची जोडी तिच्याच नणंदेशी लावलेली होती, म्हणजे घरचं भांडण तिला इथेही पुरायचं. ती एकदा म्हणाली, "ताई, आजोबांना दामटून आणा हो. ही म्हातारी माणसं अशा दांड्या मारतात आणि बुडतं आपलं."

"सांगते त्यांना," असं ती म्हणाली नाही. नुसती हसली. खोटं बोलायचं नाही एवढं एक पथ्य ती पाळत होती.

तिसऱ्या चाचणीत वयाचं गणित होतं. वडिलांचं वय मुलीच्या वयाच्या दुप्पट; पाच वर्षांनी दोघांच्या वयांची बेरीज अमुक; तर आजची वयं काढा. बीजगणितातले वडील मरत नाहीत. ते फक्त पाच-पाच वर्षांनी मोठे होत राहतात. तिने गणित सोडवलं, पाच वर्षं मिळवली, उत्तर बरोबर आलं. साठ मार्क पडले. वडिलांना शून्य. जोडीला तीस.

चौथ्या चाचणीच्या आधी सरांनी गृहपाठ दिला: स्वतःच्या आयुष्यातलं एक समीकरण मांडा आणि सोडवा. तिने ते वाचनालयाच्या टेबलावर, एका शिक्क्याच्या पॅडला वही टेकवून मांडलं. आतापर्यंत जोडीचे पन्नास, पंचावन्न आणि तीस, एकूण एकशे पस्तीस. दोनशेला पासष्ट कमी. चौथ्या चाचणीत तिला क्ष मार्क, वडिलांना शून्य. क्ष अधिक शून्य, भागिले दोन, बरोबर पासष्ट. दोन्ही बाजूंना दोनने गुणलं. क्ष बरोबर एकशे तीस.

तिने पुन्हा करून पाहिलं. एकशे तीसच. चाचणी शंभराची होती. इतक्या वर्षांत तिचं पहिलं बिनचूक समीकरण, आणि ते तिला सांगत होतं की वडिलांना वर्गात ठेवून तुला पास होता येणार नाही.

तास संपल्यावर तिने वही सरांपुढे ठेवली. सरांनी लाल पेन काढलं.

"वा! ताई, कंस छान सुटलाय की. पण खाली निष्कर्ष नाही. शंभरात एकशे तीस म्हणजे काय? लिहायचं, हे शक्य नाही."

"लिहिते."

"आणि आजोबांचं शून्य कसं धरलंत? समजा, ते आले चाचणीला. तिथे य हवा. ही दोन अज्ञातं आहेत, ताई."

"नाही सर. एकच आहे."

"अहो, त्यांचे मार्क तुम्ही कसे ठरवणार?"

"ते ठरलेलेच आहेत," ती म्हणाली, आणि नेमका पंप सुरू झाला. "ते वारले."

"काय?"

"बाबा वारले, सर."

सरांनी कानामागे हात धरला. आयुष्यात आवाज न चढवलेल्या त्या बाईला तळघरात उभं राहून ओरडावं लागलं. "वारले! सात आठवडे झाले!"

मागे पार्लरवाली पिशवीची चेन ओढत होती. अर्ध्यात थांबली.

"समजा..." सर म्हणाले आणि त्यांना पुढे काही समजता येईना. पेनचं टोपण शोधण्यात त्यांनी बराच वेळ घालवला. पंप थांबल्यावर ते हळू आवाजात म्हणाले, "ऑफिसात जाऊन त्यांचं नाव काढून घ्या, ताई. मग तुमचे एकटीचेच मार्क धरतील. फक्त... नाव काढलं की कॉम्प्युटर त्यांचे आधीचे मार्कही पुसतो. आणि तुम्हाला मग लागतील..." ते बोटांवर मोजू लागले.

"अठ्ठावन्न," ती म्हणाली.

चौथ्या चाचणीत तिला एकसष्ट पडले, हे इथेच सांगून टाकलेलं बरं. एरवी वाचणाऱ्याचा जीव उगाच तिकडे लागून राहायचा. खरी परीक्षा ऑफिसातच झाली, आणि तिचे मार्क कुणी दिले नाहीत.

खिडकीतल्या कारकून बाईंनी नाव कमी करण्याचा अर्ज पुढे सरकवला. "विद्यार्थ्याने स्वतः येऊन सही करायची."

"ते येऊ शकत नाहीत."

"सगळे असंच म्हणतात. मग नीट कारण लिहा. चार दिलेत, त्यातल्या एकावर खूण करा."

नोकरी, स्थलांतर, आजारपण, इतर. तिने 'इतर'वर खूण केली आणि पर्समधून मृत्यूचा दाखला काढला. सात आठवडे तो पर्समध्येच होता. कारकून बाईंनी तो वाचला, नाव वाचलं, मग अर्जावरचं तिचं नाव वाचलं.

"वडील का तुमचे?"

"हो."

"बरोबर यायचे ना तुमच्या? इथली लिफ्ट बंद पडली होती तेव्हा शिपायाला झापत होते, तेच ना?"

"तेच."

विद्यार्थ्याच्या सहीच्या जागी बाईंनी स्वतःच आडवी रेघ मारली, हा नियमभंग होता.

"मार्क बघता येतील का? पुसायच्या आधी," तिने विचारलं.

"दुसऱ्याचे दाखवता येत नाहीत," बाई म्हणाल्या आणि पडदा तिच्याकडे फिरवला. बासष्ट. सहासष्ट. शून्य. पाठ असलेले आकडे तिने तरी वहीत उतरून घेतले. शून्य घेतलं नाही.

बाईंनी कळ दाबली. पडद्यावर चौकट आली: 'ही नोंद कायमची काढली जाईल. खात्री आहे?' खाली 'हो' आणि 'नाही'. बाईंचा हात तिथेच थांबला. रोज पन्नास जणांना खिडकीवरून परत पाठवणारी ती बाई, माउस तिच्याकडे सरकवत म्हणाली, "तुम्हीच दाबा, बाई. मला नाही व्हायचं."

तिने दाबलं.

यादीतली एक ओळ गेली आणि खालच्या सगळ्या गुपचूप एकेक जागा वर सरकल्या. प्रवेशाच्या रांगेत वडील तिच्या पुढे उभे होते, म्हणून बावीस नंबर त्यांचा आणि तेवीस तिचा. आता बाविसापुढे तिचं नाव होतं.

"तुमचा नंबर तेवढा बदलला बघा," कारकून बाई म्हणाल्या. "चाचणीच्या पेपरवर नवा घाला, नाहीतर मार्क लागायचे नाहीत."

तिने वहीच्या कव्हरवरचा तेवीस खोडला आणि शेजारी बावीस लिहिला.