राहीच्या हातचं पाणी

विमलाचं नाव काढलं की राहीच्या पोटात दुखायला लागे, आणि हे दुखणं काही आजकालचं नव्हतं. चांगलं वीस वर्षांचं मुरलेलं होतं. राही थोरली जाऊ, विमला धाकटी. पण तहान लागली की सासू हाक मारायची ती धाकटीला. "विमले, पाणी दे गो. तुझ्या हातचं गोड लागतं." एकाच विहिरीचं पाणी, एकाच हंड्यातलं, आणि म्हणे हातचं गोड! सासू गेली तीसुद्धा विमलाच्या हातून शेवटचा घोट घेऊन. राही तेव्हा उशाशीच बसली होती, भरलेला पेला हातात धरून.

आता ती विहीरच आटली होती. वर सड्यावर, म्हणजे डोंगरमाथ्याच्या कातळी माळावर, नौदलाचा तळ बांधायला घेतला, तेव्हापासून दोन वर्षं रोज दुपारी सुरुंग उडत होते. कातळ कुठेतरी चिरला, आणि भर मे महिन्यात कंबरभर पाणी राखणारी विहीर दिवाळी सरताच कोरडी पडू लागली. बायका डोंगर उतरून कोंडीच्या झऱ्यावर जात. जाऊन-येऊन दीड तास. तळावर अर्ज केले, तर उत्तर आलं की विहिरी आटतातच, आमचा संबंध नाही.

मग शाळेतून निवृत्त झालेल्या आप्पांनी थेट दिल्लीला अर्ज धाडला. शहाऐंशी सालच्या मे महिन्यात तिकडून पत्र आलं. लष्करी बांधकामं तपासणारी संसदेची समिती तळावर येणार होती, आणि खासदार अर्धा तास वाडीतही डोकावणार होते. त्यांनी लिहून नेलं तर तळाच्या टाकीवरून वाडीला नळ मिळायचा, नाहीतर झरा आहेच.

आप्पांनी वाडी देवळात जमवली. "कोणी अंगणात पाणी शिंपायचं नाय, कोणी भांडी भरायची नायत. हंडे-कळश्या दारात पालथ्या घाला, दिसू दे त्यांना. विमला काय ते बोलेल, मग मी त्यांना विहिरीवर नेतो."

विमला! परत विमलाच!

"आणि मी काय मुकी हाय?" राही फणकारली.

"तसं नव्हे गो. ती चिपळूणची, शाळा शिकलेली. साहेबांपुढे गडबडणार नाय."

राहीच्या अंगाचा तिळपापड झाला. दिल्लीची माणसं येणार, आणि त्यांच्यासमोर मिरवणार कोण, तर ही! आणि थोरलीने काय करायचं, पालथे हंडे दाखवायचे? दारात माणूस आला की आधी पाय धुवायला पाणी, मग गूळ आणि तांब्या. एवढंही ज्या घरात होत नाही ते घर कसलं? आणि वाटेवर पहिलं घर तर आपलंच. बघतेच म्हणाली ती मनाशी.

खासदार यायच्या दिवशी तिने पहाटेपासून झऱ्याच्या चार खेपा घातल्या. चार! नवरा दादू म्हणाला, "अगो, आप्पा काय बोलले ते विसरलीस काय?" "तुम्ही गप बसा," ती म्हणाली आणि अंगण सारवायला लागली. तांब्याचा हंडा चिंचेने लखलखीत घासला. घंगाळ काठोकाठ भरलं.

खासदार आले तेच उशिरा, तळावरचे नकाशे आणि जेवण उरकून. पाच जण, शिवाय तळाचा एक अधिकारी आणि वही घेतलेला कारकून. विमला शेजारच्या अंगणात पालथ्या हंड्यांपाशी हात जोडून उभी होती. पण त्या पाचांतला एक म्हातारा खासदार, विदर्भाकडचा, उन्हाने लालबुंद झालेला, राहीच्या दारातच थांबला. राही पदर खोचून पुढे झाली.

"साहेब, पाय धुवा. गूळ-पाणी घ्या."

त्याने पाय धुतले, तोंडावर पाण्याचे हबके मारले. गुळाचा खडा तोंडात टाकला आणि तांब्या वर धरून गटागटा अर्धा संपवला.

"वा बाई! तुमच्या हातचं पाणी काय गोड आहे हो!"

वीस वर्षं! वीस वर्षं ज्या एका वाक्यासाठी जीव जळला, ते दिल्लीच्या माणसाने दारात उभं राहून म्हटलं. राहीने तिरक्या डोळ्याने पाहिलं. विमला ऐकत होती. ऐक बाई, नीट कान देऊन ऐक.

"कुठलं पाणी हे?" त्याने सहज विचारलं.

कोंडीचा झरा राहीच्या अगदी ओठावर आला होता. पण विमलाच्या देखत आपलं घर कोरडं आहे म्हणायचं? आत्ता, या घटकेला?

"आमच्या विहिरीचं," ती म्हणाली.

"म्हणजे विहिरीला पाणी आहे तर," अधिकारी घड्याळ बघत म्हणाला. कारकुनाने लिहून घेतलं.

आप्पा धावत आले. "साहेब, विहीर बघा आधी, ती आटली आहे!" विमलाही पुढे आली, "खरंच सांगते साहेब, आम्ही खालच्या झऱ्यावरून..." म्हाताऱ्याने भरलेल्या घंगाळाकडे पाहिलं आणि तो हसला. "अहो बाई, मी आत्ताच प्यालो ना." अर्धा तास संपला होता. राही दोन पावलं पुढे झाली, आणि विमलाकडे नजर जाताच अर्धा तांब्या हातात धरून तिथेच थांबली. जीपगाड्या निघून गेल्या.

दिवाळीनंतर कागद आला. आप्पांनी तो देवळात वाचून दाखवला. वाडीतील विहिरीस पाणी असून सदस्यांनी ते स्वतः पिऊन पाहिले, सबब नळाची आवश्यकता दिसत नाही. कोणी राहीला शिव्या दिल्या नाहीत. दिल्या असत्या तर तिला बरं वाटलं असतं.

दुसऱ्या दिवशी झऱ्यावर विमला आधी पोचली होती. राहीला पाहून ती बाजूला सरली. थोरलीचा हंडा तिने आधी भरला, दोन्ही हातांनी उचलून राहीच्या डोक्यावर नीट ठेवला.

"चला आक्का," ती म्हणाली, "आपल्या विहिरीचं पाणी घरी न्यायला उशीर होतोय."

राही चढणीला लागली. डोक्यावर भरला हंडा होता, त्यामुळे तिला मान वळवून मागे बघता आलं नाही.