पूजेला बसलेलं इंटरनेट

माणूस तारेवाचून बोलायला लागला त्या दिवशी जगाची अधोगती सुरू झाली, असं मृत्युंजयअप्पांनी जाहीर केलं. तेव्हा ते जिन्यात स्टूल ठेवून उभे होते आणि त्यांची लुंगी भिंतीतल्या एका रिकाम्या खिळ्यात अडकली होती. पुतणीनं ती सोडवली, मग अधोगती पुढे चालू झाली.

पुतणी शिवलीला, वय बावीस. ती इंटरनेटवर बंदुकांचा खेळ खेळते आणि खेळताना लोक तिला थेट बघतात, ही गोष्ट अप्पांनी गेली दोन वर्षं सांधेदुखीसारखी सोसली होती. आज वर्षातून एकदाच होणाऱ्या स्पर्धेची पात्रता फेरी होती. तिच्या संघातले बाकीचे तिघे करमाळा, होटगी आणि लातूर इथं आपापल्या घरी बसले होते. नियम असा, की निकाल नोंदवला जाईपर्यंत कॅमेऱ्यात खेळाडूचं चित्र दिसत राहिलं पाहिजे. तीनदा तुटलं की अख्खा संघ बाद. सकाळपासून तिचं दोनदा तुटलं होतं. शेवटचा डाव चार वाजता होता आणि सव्वातीन वाजून गेले होते.

अप्पांनी तेहतीस वर्षं टेलिफोन खात्यात काढली होती, त्यामुळे बिघाड झाला की ते दोष शोधत नसत, दोषी शोधत. पहिला संशय लॅपटॉपवर. तो बंद करून चालू केला. मग खेळ पुसून पुन्हा उतरवून घे म्हणाले. त्याला दोन तास लागतात हे कळल्यावर हल्लीच्या पिढीला धीरच नाही म्हणाले. खेळवाल्या कंपनीच्या मदतकक्षाला त्यांनी स्वतः लिहिलं. तिथल्या यंत्रानं नम्रपणे विचारलं, आपलं इंटरनेट चालू आहे का? या यंत्राबद्दल मात्र अप्पांना जरा आपुलकी वाटली. खात्यात असताना फोन बंद पडलेल्या लोकांना तेही असंच सांगायचे, तक्रार फोनवर नोंदवा.

शिवलीलानं चित्राचा दर्जा उतरवला, इतका की सख्ख्या आईनं ओळखलं नसतं. तरी 'सर्व्हरशी संपर्क तुटत आहे' हे वाक्य पडद्यावर येऊन-जाऊन होतंच. शेवटी तिनं फोन करून नवी पेठेतून संगमेशला बोलावलं. हा चाळिशीचा गडी घरोघरी इंटरनेटची तार ओढून देई. त्याच्याविषयी अप्पांचं मत एका वाक्यात मावत होतं : चपला घालून शिडी चढतो.

संगमेश आज शिडीही न घेता, हात हलवत आला. त्यानं जिन्यातल्या रिकाम्या खिळ्याकडे बघितलं.

"अप्पा, हितला डबा कुटं गेला?"

"देवघरात."

"देवघरात कशाला?"

"आज खंडेनवमी ना?"

झालं होतं ते एवढंच. शिवलीला झोपेत असताना अप्पांनी आपली जुनी पक्कड आणि टेस्टर पूजेला मांडले, आणि घरातलं सगळ्यात राबणारं हत्यार म्हणून खिळ्यावरचा राउटरही काढून शेजारी पाटावर बसवला. तार खालच्या खिडकीतूनच येत असल्यानं अडचण आली नाही. त्याला हळदकुंकू लावलं, झेंडूची माळ घातली, मागे शोभेला पितळी परात उभी केली. त्या बिचाऱ्याचं इंटरनेट परात, लोखंडी कपाट आणि दोन दगडी भिंती ओलांडून माडीवर शिवलीलाच्या खोलीत जात होतं, आणि पोचेपर्यंत त्याचा जीव जात होता.

संगमेश तरी हसेल, असं शिवलीलाला वाटलं. संगमेशनं चपला काढल्या आणि देवघराच्या दारातून हात जोडले.

"मग उद्यापतोर हात लावता येत न्हाई. माझीबी पक्कड पूजेत हाय. म्हणून तर रिकामा आलो की."

"बघ," अप्पा पुतणीला म्हणाले. "याला म्हणतात कामाचा माणूस."

दोघांचं आयुष्यात पहिल्यांदाच एकमत झालं, ते नेमकं इथं.

"काका, मी बाद झाले तर त्या तिघांचंही वर्ष वाया जाईल."

अप्पांनी तिला समजावलं, की पूजेतलं हत्यार हलवलं तर ते वर्षभर दगा देतं, मग चौघांचंच काय, गल्लीचं वर्ष जाईल. शिवलीलाची आई सावित्रम्मा हिनं स्वयंपाकघरातूनच निकाल दिला : डबा हलवायचा नाही आणि पोरीला रडवायचंही नाही. असा निकाल देणाऱ्याला पुढचं काही करावं लागत नाही.

डबा हलत नाही म्हटल्यावर शिवलीला हलली. चारला सात मिनिटं असताना लॅपटॉप घेऊन ती देवघरात आली आणि पाटाला पाठ लावून बसली. चित्र एकदाही अडखळलं नाही. तीन पिढ्या अंडंसुद्धा न शिवलेल्या त्या घरात तिनं देवासमोर अकरा माणसं मारली. होटगीच्या मुलानं चार मारली. संघानं डाव जिंकला.

दाराशी उभ्या अप्पांचं लक्ष पडद्याच्या कोपऱ्यातल्या आकड्यावर होतं. चाळीस प्रेक्षकांचे नऊशे झाले होते. देवघरात बसून गोळ्या झाडणारी मुलगी बघायला लोक येतात, हे त्यांच्या मनात आलं नाही. देशाला मार्गदर्शन हवंय, हे आलं. लुंगी नीट करून ते पुढे झाले, कॅमेऱ्यासमोर उभे राहिले आणि बोलू लागले. यंत्र चालवणारे पैशाला पासरी मिळतात, यंत्राला मान देणारा एखादाच. आज हा डबा कुणामुळे चालला याचा विचार करा. पडद्यावर भराभर मजकूर येऊ लागला.

"काय म्हणतात लोक?" अप्पांनी विचारलं.

शिवलीलानं त्यांच्या कमरेशेजारून मान काढून वाचलं.

"पंच आहेत, काका. निकाल नोंदवायचाय. जरा बाजूला सरका म्हणतात, खेळाडू दिसत नाही."