परदेशी ठरलेलं लुगडं

मित्रांनो, मी एक जुनी कापडी हातपिशवी आहे. माझ्या दर्शनी बाजूला चार बोटांचा एक चौकोन कापलेला आहे. तो कसा गेला, ते सांगते.

पिशवी होण्याआधी मी पांढरं सुती लुगडं होते. सिंदेवाहीजवळच्या खेड्यातली रुखमाबाई छप्पन्न साली मला नेसून चांद्याला बौद्ध धम्माची दीक्षा घ्यायला गेली. त्यानंतर वर्षातून एकदाच, दीक्षेच्या दिवशी ती मला नेसायची. एरवी मी कडुलिंबाच्या पाल्यात घडी होऊन पडलेली असायचे. तिची मुलगी कमळा नर्स झाली आणि आखाती देशातल्या इस्पितळात निघाली, तेव्हा रुखमाबाईनं मला तिच्या पेटीत ठेवलं.

"घेऊन जाय, कमळे. तिकडं मायचा वास कुठी भेटन तुले?"

परक्या मुलुखात कमळा मला पांघरून झोपायची. मी विरत विरत पदराएवढी उरले. सत्त्याऐंशी साली तिच्या वडिलांचं, इतवारीभाऊंचं, पत्र आलं. ‘तुही माय आता उठत नाई. म्हणते, मले नेताना दीक्षेचं लुगडं आंगावर टाका. लवकर धाडून दे.’

कमळानं मला तशीच घडी करून धाडलं असतं, तर पुढचं काही घडलं नसतं. पण तिचा हात धजेना. "मी मायले कफन धाडू?" असं म्हणून ती रडली आणि तिनं माझी पिशवी शिवली. आपल्या जुन्या पर्सचे कातडी बंद मला लावले. चिठ्ठीत लिहिलं, ‘हिच्यात दवाखान्याचे कागद ठेवजो माय. बरी होजो.’

एका मोठ्या शहरात, परदेशी माल तपासणाऱ्या कचेरीत माझं पार्सल उघडलं गेलं.

"नुसतं जुनं कापड असतं तर सोडून दिलं असतं," थोरले साहेब म्हणाले. "शिवलं की ती हँडबॅग."

"बंद कातडीचे आहेत. कातड्याच्या मालात धरू?" कारकुनानं विचारलं.

"बाहेरचं अंग पाहायचं. ते कापडाचं आहे. सुती आहे की मिश्र, ते कळलं पाहिजे. नमुना पाठवा."

"घरी शिवलेली दिसते हो, साहेब."

"जकातीच्या सूचीत घरची-दारची असं कलम नाही."

माणसं वाईट नव्हती. कारकुनानं पट्टी लावून, जपून चौकोन कापला. नेमका तिथं रुखमाबाईच्या हातचा रफू होता. नमुन्याचं उत्तर येईपर्यंत मी फळीवर पडून राहिले. धानाच्या रोवणीच्या दिवसांत आले होते. धान कापणीला आला तेव्हा सुटले.

पोस्टमन लच्छूनं मला इतवारीभाऊंच्या हातात दिलं. त्यांनी मला ओळखलं.

"रुखमीले जाऊन सतरा दिवस झाले, लच्छूभाऊ," ते म्हणाले. "मी खोटं बोललो तिच्यासंग. दुसरं पांढरं लुगडं आनलं, आंगावर टाकलं. म्हटलं, हे पाह्य, आलं तुहं. दिसत नव्हतं तिले. हातानं चाचपलं, अन् म्हणते, हे नव्हे जी."

लच्छूनं चपला काढल्या आणि तो ओट्यावर टेकला.

तो गेल्यावर इतवारीभाऊंनी पातं आणलं. मला उसवून, पुन्हा कापड करून, तिला पुरलं त्या मातीवर पांघरायचं त्यांच्या मनात होतं. दोन टाके तुटले आणि ते थांबले. टाके लेकीचे होते. त्यांनी मला खुंटीला अडकवलं. त्या दोन टाक्यांपाशी मी अजून उघडीच आहे.

मित्रांनो, एखादी वस्तू कशाची आहे, हे जरूर तपासा. पण तिची वाट कोण पाहतंय, हेही त्याच वेळी विचारा. माझ्यासोबत नमुन्याच्या उत्तराचा कागद आला होता. तो माझ्या पोटात आहे. त्यावर लिहिलंय, ‘निव्वळ सुती.’

रुखमाबाईनं ते नुसता हात लावून सांगितलं असतं.