बारमाही धबधबा

ईश्वरदास मालगुजारांना रावसाहेब व्हायचे होते आणि धुरपताबाईला धान पिकवायचे होते. दोघांनाही त्यासाठी एकाच तळ्याचे पाणी हवे होते, म्हणून हा सगळा तमाशा झाला.

मी तेव्हा तिरोड्याच्या बाजूला बेहडाटोल्यात शाळामास्तर होतो. साल १९१३. त्या वर्षी हस्ताने दगा दिला. हलके धान कसेबसे घरात आले, पण भारी धान नुकते निसवले होते आणि दाणा भरायला त्याला अजून एक पाणी लागणार होते. अशा वेळी मालगुजारांनी तळ्याचे तुडूम, म्हणजे पाणी सोडायची दगडी मोरी, उघडून द्यायचे अशी वहिवाट. नेमके तेव्हाच वरून पत्र आले. मोठे साहेब जिल्ह्यातल्या पाहण्याजोग्या ठिकाणांची यादी करत मडमेसह दौऱ्यावर येत होते. रावसाहेबीच्या किताबाची शिफारस साहेबांच्याच हातात, म्हणून आमच्या मालकांनी उलट टपाली कळवले की आमच्या गावी बारमाही धबधबा आहे.

खरे सांगायचे तर श्रावणात तळे ओसंडले की सांडव्याचे पाणी खडकावरून पडायचे आणि दसऱ्याला तिथे गुराखी वाळलेल्या दगडांवर बसून विड्या ओढायचे. पण पत्र मीच लिहिले होते. पगार सरकारचा असला तरी जेवण मालकांच्या घरचे होते, त्यामुळे 'बारमाही' हा शब्द मी चांगल्या वळणदार अक्षरात लिहिला.

तुडूम बंदच राहिले. तळ्याचा थेंबन् थेंब साहेबासाठी राखला गेला.

धुरपताबाई ही पोवारांची विधवा, जिभेची तिखट. खडकाच्या खाली नाल्याला लागून तिचे तीन एकर. वर्षाचे पोट तेवढ्यावरच. ती सरळ मालकांच्या बैठकीत गेली.

"मालक, धान दुधात हाय. आठ दिवसात पानी नाही भेटलं तं दान्याबिगर नुसती तणस कापा लागल."

"साहेब को आके जाने दे, बाई. फिर देखेंगे."

"मंग धानाले कागद लिहून कळवा, का साहेब जाऊस्तोवर थांब म्हनून. मास्तर चांगले कागद लिवते."

मला ते लागले. संध्याकाळी मी तोंड लपवून जात होतो, तर तिने आणि कवडू कोतवालाने मला वाटेतच गाठले.

"मास्तर, साहेब धबधबा किती वेळ पाहाते?"

"दहा मिनिटे. उंची मोजेल, वहीत लिहील, जाईल."

"दहा मिनिटात माही एक बांधी बी भिजत नाही. मले तीन दिवस पायजेन."

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. तळ्याचे पाणी मालकांचे, पण ते एकदा नाल्यात उतरले की जो अडवील त्याचे, हीही गावाची वहिवाटच होती. खडकावरून पडलेले पाणी तिच्या बांधाला घासूनच जाणार होते.

"मडमेले कायचा शौक हाय?" तिने विचारले.

कवडू मागच्या मुक्कामावर सामान पोहोचवून आला होता. तो म्हणाला, "रंगाची पेटी घेऊन बसते. एका बकरीचं चित्र काढाले दोन दिवस लावले तिनं."

धुरपताबाई इतकी गोड हसली की मला भीतीच वाटली.

साहेब आले. सांडवा फोडलेला होता, धबधबा धो धो पडत होता, मालक जरीची पगडी घालून उभे. साहेबांनी उंची मोजली, वहीत लिहिले, घड्याळ पाहिले. मालकांनी सांडव्यावरच्या गड्याला पाणी अडवायची डोळ्याने खूण केली. तेवढ्यात धुरपताबाई लाल लुगड्यात पुढे आली आणि मला म्हणाली, "मडमेले सांगा, आता काहीच नाही. चार वाजता इथं आमच्या भोज राजाचं धनुष्य उतरते. सात रंगाचं. आन् रोज येगळं."

पोवार ज्याला आपला पूर्वज मानतात तो भोज राजा धनुष्य घेऊन किंवा न घेता इकडे कधी फिरकला असेल असे मला वाटत नाही. पण मी शब्द न् शब्द इंग्रजी करून सांगितले, वर दोन विशेषणे माझ्या पदरची घातली. मडमेने पेटी मागवली. चारच्या उन्हात तुषारांवर इंद्रधनुष्य उमटले आणि मडम टाळ्या पिटत सुटली.

दुसऱ्या दिवशीही ती तिथेच बसली. तिकडे खाली नाल्यात सागाच्या फांद्या आणि चिखल टाकून बांध घातला गेला होता. धुरपताबाईचे तिन्ही एकर भिजले, मग शेजारच्यांचे भिजू लागले. मालकांच्या कपाळावर घाम. बारमाही धबधबा बंद तरी कसा करायचा? शेवटी त्यांनी हिकमत केली. मला म्हणाले, "मास्टरजी, साहेब को बोलो, यहाँ शेर आता है. रहना ठीक नहीं."

मी सांगितले. साहेबांचा चेहरा उजळला. त्यांनी बंदूक काढली आणि मुक्काम आणखी दोन दिवस वाढवला.

मला इतके हसू आले की खोकल्याचे सोंग करून मी झाडामागे गेलो.

वाघ आला नाही. साहेब गेले तेव्हा तळ्यात म्हशी बसण्यापुरता चिखल होता, तळ्याच्याच पाण्यावरचा मालकांचा ऊस माना टाकून होता आणि गावाचे धान लोंब्यांनी वाकले होते.

रावसाहेबी काही आली नाही. पौषात काचेच्या चौकटीतले मडमेचे चित्र मात्र आले. मालकांनी ते बैठकीत लावले, गावाला बोलावले. त्याच दिवशी धुरपताबाई नव्या धानाचे पोहे घेऊन आली. चित्राजवळ जाऊन तिने निरखून पाहिले.

"अगे माय! ही तं मीच हाय."

सगळे वाकले. धबधबा, इंद्रधनुष्य आणि खाली कोपऱ्यात लाल लुगड्यातली बाई, हातात फावडे, नाल्याचे पाणी आपल्या बांधीत वळवताना. मडमेने दिसले ते काढले होते. मालकांचे तोंड उतरले. पण साहेबाची भेट भिंतीवरून काढायची कोणाची छाती?

सोबत पत्र होते. ते मी मोठ्याने वाचले. आमच्या धबधब्याचे नाव यादीत चढले होते, आणि पुढच्या कार्तिकात साहेबांचे एक स्नेही मुद्दाम तो पाहायला येणार होते.

मालक मटकन खाली बसले. धुरपताबाईने त्यांच्यापुढे पोह्यांची टोपली सरकवली आणि माझ्याकडे वळून विचारले,

"मास्तर, तो पाव्हना बी चित्र काढते का?"