हळू आवाजात काढलेला माणूस

त्या धुलाई कारखान्यात माणसं नोकरीवरून काढणं हा रोजच्या कामाचाच भाग होता. सकाळी आधी बॉयलर पेटायचा, मग मालक. "चल, नीघ! उद्यापासून तोंड दाखवू नकोस!" एवढं ओरडून झालं की, ज्याला काढलं त्याला दुपारी मालकांकडून चहा जायचा. चहा प्यायला की तो पुन्हा नोकरीवर. नेमणूक आणि बडतर्फी, दोन्ही खाती चहावाला सांभाळायचा.

बॉयलरचा मिस्त्री यात मुरलेला. नव्या इस्त्रीवालीला तो धीर द्यायचा, "ताई, पहिल्यांदा जरा लागतं."

एके दिवशी वाफ उतरली आणि इस्पितळाच्या चादरी ओल्याच राहिल्या. मालक दाढदुखीने रात्रभर जागे होते. ढीग पाहून ते खुर्चीत टेकले आणि मिस्त्रीला हळूच म्हणाले, "नको येऊस उद्यापासून."

मिस्त्रीने हात पुसले, डबा उचलला आणि गेला. दुपारचा चहा साय धरून पडून राहिला.

मग कामगार न्यायालयाची नोटीस आली. चौकशी न करता काढलं, परत कामावर घ्या, एवढीच मागणी.

"घेतो की! मी कुठं नाही म्हणतोय?" मालक म्हणाले.

वकील घरचाच, म्हणजे जावई. "बाबा, परत घेतो म्हणालात की काढल्याचं कबूल केलंत. आता तोंड उघडायचं नाही."

"घरात तसंही कोण उघडू देतंय?"

"आपण म्हणायचं, काढलंच नव्हतं. तुमचं बोलणं कुणी मनावर घेत नाही, हे सिद्ध करू."

जावयाचं हे मत मालकांना लग्नापासून ठाऊक होतं. आता ते कोर्टात मांडलं जाणार होतं.

तारखांवर तारखा पडल्या. बॉयलर मालकच चालवू लागले. वाफ कमी, धूर जास्त. शेवटी मालकांच्या बाजूने इस्त्रीवाल्या ताई साक्षीला उभ्या राहिल्या.

"मालक सगळ्यांनाच काढतात, साहेब. जात कुणी नाही."

"मग खरंच काढलं, हे ओळखायचं कसं?" न्यायाधीशांनी विचारलं.

ताईंना प्रश्न फारच सोपा वाटला. "खरंच काढायचं असतं तर हळू बोलले असते ना!"

जावयाने डोळे मिटले.

मालकांची साक्ष आली तेव्हा न्यायाधीशांनी एवढंच विचारलं, "त्या दिवशी ओरडला होतात?"

जावई 'हो' म्हणायला खुणावत होता. मालकांनी मिस्त्रीकडे पाहिलं. शर्टाला कडक इस्त्री, चेहरा मात्र त्यांच्याइतकाच दमलेला.

"नाही, साहेब. ओरडायची ताकदच नव्हती."

मालक खटला हरले, मिस्त्री परत आला. जावयाने बजावलं: यापुढे आधी लेखी ताकीद, मग खुलासा, मग चौकशी. मालक गप्प बसू लागले. त्या शांततेत जो तो आपली नोकरी गेलीच, असं धरून बसला. इस्त्र्या थंडावल्या.

एका सकाळी मिस्त्री दारात उभा राहिला. "मालक, वाफ उतरलीय."

"बरं."

"बरं काय? बाया घाबरल्यात. जरा ओरडा की."

"वकील नको म्हणतो."

"तो इथं आहे का?"

मालकांनी खिडकीतून गल्ली न्याहाळली, घसा खाकरला. "चल, नीघ! उद्यापासून..." आवाज मध्येच फाटला, पुढचं खोकल्यात गेलं. मिस्त्रीने पाण्याचा पेला पुढे केला आणि तो बॉयलरकडे वळला. आत इस्त्र्या सुरू झाल्या.

दुपारी चहा आला. मिस्त्रीने त्यातला अर्धा मालकांच्या पेल्यात ओतला.