तापाच्या दिवसांतला आवाज

मित्रांनो, नभोवाणी केंद्राच्या जिन्याखाली एक काचेचं कपाट आहे. त्यात जाळीदार तोंडाचा, मानेत जरासा वाकलेला म्हातारा माइक दिसेल. तोच मी. आता मला कुणी वायर जोडत नाही. मी आपला पेंगत असतो, आणि पेंगता पेंगता जुने आवाज वर तरंगत येतात, विहिरीच्या तळाशी गेलेलं पान कधीतरी वर यावं तसे.

माझा जन्म एका लहानशा कारखान्यात झाला. माझ्या पोटातला पातळ पडदा बसवणारी बाई श्वास रोखून काम करायची, कारण साध्या फुंकरीनंही तो थरथरे. म्हणूनच असेल, मला माणसाच्या शब्दांआधी त्याचा श्वास ऐकू येतो.

केंद्रात मला जाड कापडाच्या भिंतींची एक खोली मिळाली. तिथे माझ्यासमोर रोज निवेदिका बसे. सारं शहर तिला ताई म्हणे, अगदी तिच्याहून थोरली माणसंसुद्धा. हवामान, हरवलेली माणसं, गाणी... ती सांगे आणि स्वयंपाकघरांतून, दुकानांतून लोक ऐकत. तिच्या आवाजात मी स्वतःला विसरून जाई.

मग एका उन्हाळ्यात शहरात ताप आला. अंगावर तांबडं पुरळ उठे आणि माणूस अंथरूण धरी. पहिले आजारी रंगाऱ्यांच्या गल्लीत सापडले. झालं! वाहिन्यांच्या गाड्या गल्लीच्या तोंडाशी येऊन उभ्या राहिल्या. दिवसभर पडद्यावर एकच बंद दार, मागे भयाण संगीत, आणि वर अक्षरं : 'मृत्यूची गल्ली'. दूधवाला त्या गल्लीत शिरेना. शिंपी तिथलं कापड हातात घेईना. राईचा पर्वत झाला असं मी म्हणणार नाही, पर्वत खराच होता. पण तो उचलून एकाच गल्लीच्या डोक्यावर ठेवला गेला.

त्याचा परिणाम असा झाला, की बाकीच्या शहरात लोक पुरळावर पावडर थापून कामाला जाऊ लागले. दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई माझ्यासमोर कळवळून सांगत, "लवकर या हो. लवकर आलात तर बरे व्हाल. लपवलंत तर घरच्यांनाही लागेल." पण त्यांच्यानंतर लगेच नगराध्यक्षांचं निवेदन असे : "साथ वगैरे काही नाही. ताप एका गल्लीपुरता आहे. शहर सुरक्षित आहे."

ते निवेदन ताईलाच वाचावं लागे. आणि नगराध्यक्ष म्हणजे तिचा सख्खा मोठा भाऊ.

एका दुपारी ते स्वतःच भाषणाला आले. लाल दिवा अजून लागायचा होता, म्हणजे खोलीतलं बोलणं अजून बाहेर जात नव्हतं.

"दादा, आई फोन का उचलत नाही?" ताईनं विचारलं.

"झोपलीय. दमलीय जरा."

"पुरळ आलंय का तिला?"

दादा हातातले कागद नीट करत राहिले.

"दादा!"

"हळू बोल. भिंतींना कान असतात."

भिंतींना तर जाड कापड होतं. कान होते ते मला.

"डॉक्टरांना दाखवलंस?"

"कसं दाखवू? दारात गाडी लागली की कॅमेरे धावत येतील. एका गल्लीपुरताच आहे म्हणून रोज मीच सांगतोय ना? लोक तोंडात शेण घालतील माझ्या."

"घालू देत. आईचं काही झालं तर कुठलं तोंड घेऊन फिरशील?"

दादांचा आवाज एकदम बारीक झाला. "तू काही बोलू नकोस हं. शपथ आहे तुला."

"मी नाही बोलणार," ताई म्हणाली. "आई तुझीही आहे. तूच बोल."

तिनं काचेपलीकडे बसलेल्या तंत्रज्ञाला खूण केली. दिवा लागला.

"नागरिकहो, घाबरण्याचं काहीही कारण नाही..." दादांनी वाचायला घेतलं, आणि ते थांबले. माझ्यासमोर फक्त त्यांचा श्वास होता, ठेचकाळणारा. मला वाटलं, सारं शहर चालता चालता थबकून माझ्या जाळीला कान लावून उभं आहे.

"माझ्या आईला ताप आहे," ते म्हणाले. कागद खाली सरकल्याचा आवाज आला. "अंगावर पुरळ आहे. आम्ही लपवलं. रंगाऱ्यांच्या गल्लीवर मी खापर फोडलं, त्यांची मी माफी मागतो. आता मी आईला दवाखान्यात न्यायला निघालोय. तुमच्या घरात कुणाला ताप असेल तर तुम्हीही निघा."

पुढचं मी डॉक्टरीणबाईंच्या तोंडून ऐकलं. दादा आईला हातांवर उचलून घेऊन आले, तेव्हा दवाखान्याच्या फाटकात कॅमेऱ्यांची झुंबड होती. कुणीतरी आईच्या तोंडावर चादर ओढायला गेलं, तर तापानं फणफणलेली ती म्हातारी म्हणाली, "झाकताय कशाला? मी काय चोरी केलीय?" संध्याकाळपर्यंत दवाखान्याचा व्हरांडा भरून गेला. पावडर पुसून लोक आले होते.

सगळे वाचले नाहीत, मित्रांनो. काहींनी फार उशीर केला होता. पण ताप हळूहळू ओसरला. दादांवर त्यांचा पक्ष रुसला आणि पुढच्या निवडणुकीत ते पडले. वाहिन्यांच्या गाड्या दुसऱ्या गावी गेल्या. रिकाम्या झालेल्या खाटांचं चित्र घ्यायला कुणी थांबलं नाही.

बरी झाल्यावर आई एकदा माझ्यासमोर बसली. "लोकांना काय सांगशील, आई?" ताईनं विचारलं.

"काय सांगायचंय? माझ्या शेजारच्या खाटेवर त्या गल्लीतली एक बाई होती. स्वतः तापात असून रात्रभर मला पाणी पाजत होती. मी कुणाची आई, हे तिनं विचारलंसुद्धा नाही."

पुढे बारीक चणीचे नवे माइक आले आणि मी या कपाटात आलो. माझ्यावर धूळ बसली तर बसू द्या, मला त्याचं काही नाही. पण उद्या तुमच्या वर्गात, तुमच्या जिन्यात कुणी आजारी पडलं, तर त्याच्या दाराकडे बोट दाखवू नका. जरा लांब उभं राहून का होईना, त्याला हाक मारा आणि विचारा, "पाणी हवंय का?"