पाहुण्याच्या हातातला डाव

आमच्या रमी क्लबची मी सेक्रेटरी. पत्त्यांतलं मला ओ की ठो कळत नाही, म्हणूनच निवडून दिलं. खेळणाऱ्याच्या हाती कारभार द्यायला आमचे सभासद खुळे नाहीत. परवान्याचे नियम मात्र मला तोंडपाठ. त्यातला सगळ्यात कडक असा: पैसे लावून खेळायचं ते सभासदांनीच. बाहेरच्याच्या हातात पत्ते दिले, तर देणाऱ्याचं सभासदत्व कायमचं रद्द. क्लबनं ते लपवलं, तर क्लबलाच कुलूप.

परवान्याची मुदत संपत आली, तसे एका दुपारी निरीक्षक तपासणीला आले. दारं, टेबलं, प्रत्येकाचं ओळखपत्र, सगळं पाहिलं. नाव ठेवायला कुठे जागा नव्हती. मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटली.

मग ते माझ्या सासऱ्यांच्या खुर्चीमागे जाऊन उभे राहिले. आता आमच्याकडे एक रीत आहे. सगळे साठी ओलांडलेले, सारखं कुणीतरी उठतंच. डाव थांबवायचा नाही. मागे जो उभा असेल त्याच्या हातात पत्ते द्यायचे नि सुटायचं. मागे नेहमी आपलाच माणूस असतो, त्यामुळे मान वळवून बघायची सवयच कुणाला नाही.

मामंजींनीही बघितलं नाही. "जरा धर रे, आलोच," म्हणाले आणि गेले. निरीक्षकांनी पत्ते तिथेच ठेवायचे की नाही? पण माणसाला रमी येत असावी. एक पान उचललं, एक टाकलं, आणि डाव लावून मोकळे!

टाळ्या पडल्या. कोण जिंकलं ते मग लक्षात आलं, आणि टाळ्या अर्ध्यावरच थांबल्या.

निरीक्षकांना घाम फुटला. मला बाजूला घेऊन म्हणाले, "बाई, मी काही पाहिलं नाही, तुम्हीही नाही. सही करून टाकतो."

किती सोपं होतं! सासूबाई गेल्यापासून मामंजी या दुपारच्या डावावर जगतात, हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक? पण अशी सही घेतली, की आमचा परवाना कायद्याचा राहिला नाही, या माणसाच्या मर्जीचा झाला. आज तो ओशाळलाय, उद्या डोळे वटारेल.

"लिहा, साहेब," मी म्हटलं. "जे झालं ते तुमच्यासकट लिहा."

मामंजी हात पुसत दारात उभे होते. त्यांनी सगळं ऐकलं होतं. आता चारचौघांत माझी खरडपट्टी निघणार, असं मला वाटलं. त्यांनी खिशातून ओळखपत्र काढलं आणि निरीक्षकांपुढे ठेवलं. परवाना मिळाला.

घरी जाताना मला राहवेना. "मामंजी, रागावलात?"

"रागावलोय की! उद्या दुपारी मी काय करू, ते सांग."

मला भर रस्त्यात रडू फुटलं.

"रडतेस कशाला, सूनबाई?" ते म्हणाले. "तू गप्प बसली असतीस, तर मी उद्या खेळलो असतो खरा. पण तुला पुन्हा मत दिलं नसतं. आणि आता द्यायचं म्हटलं, तर मला मतच उरलं नाही."